भरलेले चौकोन

सोमवार, १४ जुलै

तक्ता भरत दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारपर्यंत आले आणि काळं पेन सुकलं. झटकलं, तोंडाची वाफ दिली, शेवटी गुरुवार निळ्याने भरला आणि शुक्रवार पेन्सिलीने. बुधवारही निळाच होता. सलग दोन दिवस एकाच पेनाचे असू शकतात. एका सोमवारवर थर्मासच्या झाकणातला चहा थोडा सांडला. पहिला मंगळवार रिकामा ठेवला. दहाच्या दहा चौकोन भरलेले असले की कुणाचा विश्वास बसत नाही.

गाडी वाचनालयासमोर उभी होती. साडेचारला सात मिनिटं कमी. समुपदेशक थिआ मार्विकची खोली वाचनालयाच्या वर आहे, खिडकी रस्त्याकडे. एडीएचडी असलेली मोठी माणसं तिच्याकडे येतात. मी मे महिन्यापासून येते. ही तिसरी भेट.

थिआने तक्ता हातात घेतला आणि बराच वेळ बघितला.

"मंगळवार राहिला?"

"विसरले."

"बरं. सगळ्यात अवघड दिवस कोणता गेला?"

"गुरुवार," मी म्हटलं. का अवघड गेला तेही सांगितलं. पाऊस होता, फोन वाजला, वगैरे. बोलताना मलाच तो गुरुवार दिसायला लागला.

तिने तक्ता फाइलीत ठेवला. ती फसली. जिना उतरताना हलकं वाटलं. गाडीत बसल्यावर वाटलं नाही.

ही वही तिच्यासाठी नाही. हिच्यात चौकोन नाहीत.

गुरुवार, १७ जुलै

काय चाललं आहे ते एकदा नीट लिहून ठेवते.

मी कालवांच्या हॅचरीत काम करते. सहा टाक्या, प्रत्येकीत तीस-चाळीस लाख पिल्लं. डोळ्यांना दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, गरगर फिरत असतात. दिवसाआड टाकी खालून रिकामी करायची, पिल्लं चाळणीत धरायची, स्वच्छ पाण्यात परत सोडायची. मला याच एका कामात कंटाळा येत नाही. तीन तास बघत बसते आणि जेवायचं राहून जातं.

जूनमध्ये चार नंबरच्या टाकीचा तळाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा राहिला. बंद करता करता मला सहा नंबरच्या बुडबुड्यांचा आवाज वेगळा वाटला. बघायला गेले. हवेची नळी चिरली होती, ती बदलली आणि घरी आले. सकाळी चार नंबर कोरडी. चाळीस लाख पिल्लं मोरीतून खाडीत.

डेस रंबलो मालक आहे. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "सप्टेंबरात मोठी खेप सुटते, सगळी कालवं एकदम अंडी सोडतात. तेव्हा मी होडीवर असतो, शनिवार-रविवार टाक्यांवर एकटं माणूस लागतं. तुझ्या त्या बाईकडून पत्र आण, तू हे करू शकतेस म्हणून. पत्र आलं तर टाक्या तुझ्या. नाहीतर शेडमध्ये जा, मॅजच्या शेजारी कालवं निवड."

थिआने सांगितलेलं असं: निघताना दाराशी थांबायचं, वळायचं, मोठ्याने तीन गोष्टी म्हणायच्या. व्हॉल्व्ह, हवा, चारा. मग चौकोनात खूण करायची. दहा सेकंदांचं काम आहे. पहिले दोन दिवस केलं.

का करत नाही ते मला माहीत नाही. हे लिहितानाही मनात म्हणते आहे, उद्यापासून.

सोमवार, २८ जुलै

चौथी भेट. तक्ता दिला. या वेळी दोन चौकोन रिकामे ठेवले होते.

थिआ म्हणाली, "आज जरा वेगळं करू. हे दार टाक्यांच्या खोलीचं समजा. तुम्ही निघताय. कसं करता, दाखवा."

मी उठले. दाराशी गेले. वळले. तिच्या खुर्चीकडे, कुंडीकडे, रुमालांच्या खोक्याकडे बघून म्हटलं, "व्हॉल्व्ह. हवा." तिसरं येईना. "दिवा."

"मागे चारा ठरला होता."

"चारा. हो. दिवापण."

"छान," ती म्हणाली आणि काहीतरी लिहिलं. दोन ओळी. उलटं वाचता येईना.

मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझ्याकडे येणारे बरेच जण तक्ता खाली गाडीत बसून भरतात. शाळेतला अभ्यास बसमध्ये करायचे तसा."

"असं कसं करतात लोक?" मी म्हटलं.

"भीतीने, बहुतेक."

"पण मग तुम्हाला कळणार कसं?"

ती हसली. मीही हसले. तिला दुसऱ्यांबद्दल माझ्यापाशी बोलावंसं वाटलं याचं बरं वाटलं. म्हणजे ती मला त्यांच्यात धरत नाही.

बुधवार, ३० जुलै

आज दाराशी थांबले. दोन गोष्टी म्हटल्या. मग मॅजने शेडमधून हाक मारली.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

जूननंतर एकही चूक नाही. रोज सकाळी जाते. दार उघडते, आधी कान देते, बुडबुडे ऐकू येतात, मग दिवा लावते. सगळं जागच्या जागी. पाणी काठोकाठ, चाऱ्याची हिरवी धार चालू. तक्ता खोटा असला तरी त्याचा काहीतरी उपयोग होत असावा. नुसता डोक्यात आहे म्हणून.

निघताना मॅज भेटली, शेडमधून लंगडत टाक्यांच्या खोलीकडे चालली होती. मॅज बासष्टची. तीस वर्षं कालवं निवडते आहे.

"काय राणीसाहेब, निघाली स्वारी? डोकं घेतलंस ना बरोबर?"

"घेतलं. तू कुठे?"

"चष्मा विसरले आत."

चष्मा तिच्या कपाळावर होता. मी सांगितलं तर म्हणाली, "हा नव्हे गं, दुसरा." परवाही ती तिथेच होती. वय झालं आहे तिचं. गुडघाही गेला आहे. उगाच वाईट वाटलं.

सोमवार, ११ ऑगस्ट

पाचवी भेट. तक्ता पुढे केला. थिआने घेतला नाही.

"पुढच्या वेळी तक्ता आणू नका."

"का?"

"नकोच. नुसत्या या."

बाकी काय बोललो ते आठवत नाही. तिने बहुतेक झोपेबद्दल विचारलं. मी हो म्हटलं. काय विचारलं होतं की मी हो म्हटलं?

बुधवार, १३ ऑगस्ट

तिने माझा नाद सोडला. चौथीत मिस ऑर्चर्डने माझं बाक भिंतीकडे फिरवलं तेव्हाही अशीच शांत होती. माझ्यावर वैतागलेली माणसं मला चालतात. थकलेली माणसं ओळखू येतात.

तक्ता नाही तर भेटीत हातात काय धरायचं?

बुधवार, २० ऑगस्ट

थिआला लिहायचा निरोप चार वेळा टाइप केला, चार वेळा पुसला. पहिल्यात माफी होती. चौथ्यात फक्त "पत्राचं काय?" होतं.

पाव भाजायला ठेवला आणि विसरले. घरभर धूर.

सोमवार, २५ ऑगस्ट

वेळेवर पोचले. दहा मिनिटं आधीच. गाडी वाचनालयासमोर, नेहमीच्या जागी. पाऊस होता. हात रिकामे होते. दार उघडेना. म्हणजे उघडत होतं, मी उघडत नव्हते.

साडेचार झाले. पावणेपाच. वायपर चालूच ठेवला होता. तिच्या खिडकीत दिवा होता आणि एकदा तिथे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं.

निरोप आला: "खोलीत हीटर चालू आहे. उरलेली पंचवीस मिनिटं तुमचीच आहेत."

मी लिहिलं: "गाडी रस्त्यात बंद पडली. माफ करा."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "ठीक आहे. पुढच्या सोमवारी याच वेळेला. सावकाश जा, रस्ता ओला आहे."

एक शब्द रागाचा नाही. रागवण्याइतकंही उरलं नसावं.

सोमवार, १ सप्टेंबर

सहावी भेट. वर गेले.

गाडीबद्दल तिने विचारलं नाही. पत्राचा मसुदा समोर ठेवला. "वाचा. यातलं काही बदलायचं असेल तर सांगा."

पाऊण पान होतं. नेरिडा कॉइल सांगतात की त्या रोज निघताना तपासणी करतात. नेरिडा सांगतात की जूननंतर चूक झालेली नाही. नेरिडा यांच्या म्हणण्यानुसार. सगळीकडे मी सांगते, मी म्हणते. तिचं स्वतःचं त्यात एकच वाक्य होतं: त्या मेहनती आहेत.

"असं का लिहिलं आहे?" मी विचारलं. "सांगतात, सांगतात."

"मी तिथे नसते ना. तुमच्याच शब्दावर लिहिणार."

"डेसला ते कमी वाटेल."

"मग काय घालू?"

ती थांबली. ती फार वेळ थांबू शकते. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोनदा सरकलेला मी बघितला.

"काही नको," मी म्हटलं. "ठीक आहे."

"आज पाठवत नाही. शुक्रवारी चार वाजता पाठवेन. तोपर्यंत फोन केलात तरी चालेल. केव्हाही."

शुक्रवारपर्यंत का, ते कळलं नाही. तिच्याकडे कागदपत्रं साठली असतील.

पत्र मिळणार. टाक्या माझ्या. हे तीनदा लिहून बघितलं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

मोठी खेप सुटली. काल सगळ्या कालवांनी एकदम अंडी सोडली. पाणी दुधासारखं झालं. सहाही टाक्या भरल्या, दोन कोटी चाळीस लाख. मीच मोजली.

मॅजचा आज शेवटचा दिवस. गुडघ्याचं ऑपरेशन, मग तीन महिने घरी. बेकरीतून पॅटिस आणले होते, शेडमध्ये उभ्याउभ्याच खाल्ले. डेस दोन शब्द बोलला, मॅजने त्याला पुढे बोलू दिलं नाही.

निघताना ती माझ्याबरोबर टाक्यांच्या खोलीपर्यंत आली. दाराशी टेकून उभी राहिली.

"परवापासून तुझी तू हं, बये."

"हो."

"चष्मा शोधायला आता कोणी येणार नाही."

मला काही उमजलं नाही. तसं माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"अगं, मला दोन चष्मे कुठून असणार? एकाचा नंबर बदलायला दोन वर्षं लावली मी."

"मग रोज कशाला यायचीस?"

"कशाला म्हणजे?" तिने आत बोट केलं. "जुलैपासून अकरा वेळा. सात वेळा चारा बंद. तीन वेळा हवा. एकदा तो खालचा, तोच तुझा लाडका, टिपटिप चालू."

"कधी? व्हॉल्व्ह कधी?"

"ऑगस्टात. तारीख कोण लिहून ठेवतंय? मी काही तुझी ती तक्तेवाली नाही."

"सांगायचं नाही का, मॅज?"

"सांगितलं असतं तर तू आणखी घाबरली असतीस आणि बावीस वेळा विसरली असतीस." तिने माझा गाल ओढला. हाताला कालवांचा वास. "तुझ्यासारखी नजर या खाडीवर कुणाला नाही. मला तो डेसचा गुळगुळीत मेहुणा नको होता इथे. म्हणून. चल, सोड मला गाडीपर्यंत. पाय धड टाकता येत नाही आणि ही मला उभं करून ठेवते."

गाडीपर्यंत सोडलं. परत आले. तिन्ही गोष्टी बघितल्या. बाहेर पडले, परत गेले, परत बघितल्या. पाच वेळा. पाचव्या वेळी बंद व्हॉल्व्ह मीच बंद केला की आधीपासून बंद होता, ते सांगता येईना.

अकरा. मी शून्य धरून चालले होते. शून्यच थिआला सांगितलं आणि तिने ते लिहिलं.

परवा शनिवार. दोन कोटी चाळीस लाख आणि मी.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

फोन करायचा होता. केला नाही. जेवणाच्या सुट्टीत तशीच निघाले. वाचनालयाच्या जिन्यात लक्षात आलं, पायात गमबूट आहेत. दाराबाहेर काढले आणि मोज्यांनी आत गेले. थिआ टेबलाशी सँडविच खात होती.

"पत्र गेलं?"

"चारला जाणार आहे. बसा."

"बसत नाही. तक्ते खोटे आहेत. सगळे. मी खाली गाडीत बसून भरले. आणि अकरा वेळा चुकले. मॅज मागून येऊन नीट करत होती, ते मला काल कळलं."

"तक्त्यांचं माहीत होतं," ती म्हणाली. "अकराचं नव्हतं."

"माहीत होतं?"

"पहिल्यापासून. दोन आठवडे टाक्यांजवळ लटकलेला कागद इतका कडक राहत नाही. चहाचा डाग मात्र चांगला होता."

मला आधी लाज वाटली. मग ती गेली आणि राग आला. कुठून आला कळलं नाही.

"माहीत होतं, आणि तुम्ही माझ्यासमोर पत्र ठेवलंत? मी सही करा म्हटलं असतं तर?"

"शुक्रवारपर्यंत तुम्ही सांगाल असं वाटत होतं."

"आणि नसतं सांगितलं?"

तिने सँडविच कागदात गुंडाळलं. फार नीट, कडा जुळवून.

"मागे एकाला मी तोंडावर सांगितलं होतं, तक्ता खोटा आहे म्हणून. त्याने आभार मानले, दार हळूच लावलं आणि परत आला नाही. तुम्ही त्या दिवशी गाडीत बसून होतात, मी खिडकीत होते. वाटलं, आता खाली गेले तर ही पण जाईल. म्हणून मी तुम्हाला वेळ देत राहिले. स्वतःला तसंच सांगत होते, वेळ देते आहे. घाबरले होते."

"आणि टाक्या?"

"टाक्यांचा विचार केला नाही. तुमचा केला."

"मी आणि टाक्या वेगळं नाही ते."

"नाही," ती म्हणाली. "चुकलं माझं. तक्ता दिला तिथेच चुकलं. ज्याला गोष्टी लक्षात ठेवणं जड जातं त्याला लक्षात ठेवायला आणखी एक कागद दिला. आणि मग दोघीही त्या कागदाला सांभाळत बसलो."

मी चूक सांगायला गेले होते. समोरच्याची ऐकून काय करायचं ते ठाऊक नव्हतं. बसले. मोज्यांचं पाणी तिच्या गालिच्यावर उमटलं होतं.

"मॅज यायची तेव्हा तुम्हाला कळायचं का?" तिने विचारलं.

"नाही."

"कळलं असतं तर?"

"वाईट वाटलं असतं. पण झोप लागली असती."

मग पत्र नव्याने लिहिलं. मी सांगत होते, ती टाइप करत होती. जुलै ते सप्टेंबर अकरा चुका, दुसऱ्या माणसाच्या लक्षात आल्यामुळे नुकसान झालं नाही. रोज संध्याकाळी निघताना बरोबर दुसरं माणूस हवं. तसं असेल तर नेरिडा टाक्यांचं काम करू शकतात. एकटीने शनिवार-रविवार, सध्या नाही. "सध्या" तिने घातला. "तक्ते खोटे आहेत हे कळूनही मी बोलले नाही, ही माझी चूक" हेही तिने घातलं. जूनमधली सहा नंबरची नळीही.

"ती नको," मी म्हटलं. "सफाई दिल्यासारखं वाटेल."

"सही माझी आहे. ती राहील."

"पुढची भेट?" मी विचारलं. दाराशी बूट घालत होते, तिच्याकडे बघावं लागत नव्हतं.

"सोमवार, साडेचार. काही आणू नका. आणि खाली उशीर होतोय असं वाटलं तर मी येईन गाडीत. बसायला जागा करा, तुमच्या पुढच्या सीटवर दोर आणि बादल्या असतात."

डेस धक्क्यावर होडी धूत होता. पत्र पुढे केलं.

"हात ओले आहेत. वाच तू."

मी वाचलं. मोठ्याने, इंजिनाच्या आवाजावरून. अकराचं वाक्य दोनदा वाचलं.

"अकरा," डेस म्हणाला.

"अकरा."

"मॅजच्या तोंडात काय कालव अडकलं होतं?"

"तिला विचार."

तो ब्रश घासत राहिला. मग म्हणाला, "सहा नंबरची नळी तू बदललीस? मला तीन महिने वाटतंय मीच बदलली."

"मी."

"हं." पाणी मारलं. "उद्या सातला ये."

"टाक्यांवर?"

"ये म्हटलं ना."

शनिवार, ६ सप्टेंबर

सातला गेले. डेस म्हणाला, या खेपेपुरतं शेडमध्ये. टाक्यांवर त्याने मेहुण्याला बसवलं आहे. मी मॅजच्या जागेवर उभी राहून कालवं निवडली. नऊच्या सुमारास मेहुणा आला, पाच नंबरमधली थोडी पिल्लं अंगठ्याएवढ्या काचेवर घेऊन. हे फिरतंय ते जिवंत की नुसता कचरा, असं विचारलं. मी हात धुऊन त्याच्याबरोबर गेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. जिवंत होती, पण भुकेली. चारा वाढवायला सांगितला, किती ते भिंतीवर लिहून दिलं, आणि शेडमध्ये परत आले.